एप्रिलच्या ओळीतल्या दहा चांदण्या

नमस्कार मंडळी. विषय पत्रकात छापलाय तोच आहे: बेसबॉलमधल्या नव्या पोरानं मोसमाच्या सुरुवातीला धुमाकूळ घातला, तर तो टिकणार की नाही हे कसं ओळखायचं? त्याचं उत्तर माझ्यापरीनं मी देणार आहे. पण त्याआधी आमच्या फ्रीजवरच्या एका कागदाविषयी बोलायला हवं, कारण माझ्या डोक्यातला सगळा विचार त्या कागदापासून सुरू झाला.

एप्रिल २००६. इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी तेव्हा डेट्रॉइटच्या आसपास राहत होता. तिथल्या टायगर्स या बेसबॉल संघाची काय अवस्था होती ते तुम्हाला आठवत असेल. २००३ साली १६२ पैकी ११९ सामने हरलेला हा संघ. ऑफिसात कुणी त्यांचं नाव काढत नसे. माझा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि त्याला या संघाचं वेड लागलेलं होतं. त्या वर्षी पहिल्या बेसवर ख्रिस शेल्टन नावाचा लाल केसांचा, पंचविशीचा खेळाडू होता. मोसम सुरू झाला आणि त्याच्या बॅटमधून होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, बरसायला लागले. पहिल्या १३ सामन्यांत ९!

मुलानं एक मोठा कागद घेतला, पट्टीनं चौकोन आखले, प्रत्येक महिन्याला एक ओळ दिली आणि कागद फ्रीजवर चुंबकांनी लावला. शेल्टननं होमरन मारला की एक सोनेरी चांदणी. शाळेत बाई गृहपाठाच्या वहीत लावतात ना, तसली. सकाळी दूध काढायला फ्रीज उघडायचा तर आधी चांदण्या मोजून व्हायच्या. एप्रिल संपला तेव्हा त्या ओळीत दहा चांदण्या होत्या. मधल्या एका सकाळी, आकडा नवावर असताना, तो पेन्सिल घेऊन माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "बाबा, तेरा सामन्यांत नऊ, तर एकशे बासष्टमध्ये एकशे बारा!" गणित बरोबर होतं. एका मोसमातला विक्रम बॅरी बाँड्सचा, २००१ मधला, ७३ चा. एकशे बारा म्हणजे तो विक्रम कुठल्या कुठे मागे पडणार होता.

मी तेव्हा गाड्यांच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात होतो. नव्या मॉडेलच्या पहिल्या पन्नास गाड्यांच्या तक्रारींवरून कुणी लाख गाड्यांचं भाकीत करून आणलं, तर मी ती फाइल तशीच परत पाठवत असे. आणि घरी मुलाला "शाब्बास" म्हणालो. त्याचा चेहरा इतका फुललेला होता की दुसरं काही बोलवेना. ती रुखरुख माझ्या मनात अजून आहे.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. एप्रिलमध्ये दहा आणि उरलेल्या सगळ्या मोसमात मिळून सहा. ३१ जुलैला संघानं पिट्सबर्गहून शॉन केसीला पहिल्या बेससाठी आणलं आणि शेल्टनची रवानगी टोलेडोच्या मायनर लीग संघात, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायरीवर, झाली. इथून गाडीनं तासाभरावर. त्याच वर्षी टायगर्स १९८४ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, पोचले. सगळं शहर रस्त्यावर नाचत होतं आणि आमच्याकडे एक मुलगा विचारत होता, "बाबा, एप्रिलमध्ये तो खोटं खोटं खेळत होता का?"

आजचं हे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला मी दिलेलं उशिराचं उत्तर आहे. नाही रे बाळा, तो खरंच खेळत होता. खोटी होती ती आपली त्रैराशिकाची रीत.

या रीतीवर माझा मनापासून राग आहे. दर वसंतात टीव्हीवर, पेपरात तेच येतं: "या वेगानं गेला तर..." २०१६ मध्ये कोलोरॅडोच्या ट्रेव्हर स्टोरीनं पदार्पणातच पहिल्या ६ सामन्यांत ७ होमरन मारले. त्रैराशिक मांडलं तर १८९! अंगठ्याच्या दुखापतीनं त्याचा मोसम ९७ सामन्यांत संपला तेव्हा आकडा होता २७. आता गंमत बघा. २७ हा नवख्या शॉर्टस्टॉपसाठी, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या फील्डरसाठी, फार उत्तम आकडा, आणि पुढे २०१८ मध्ये याच स्टोरीनं ३७ मारले. पोरगा अस्सल निघाला. पण १८९ ऐकलेल्या माणसाला २७ म्हणजे निराशा वाटते. एका चांगल्या खेळाडूचा हा अपमान त्या गुणाकारानं केला. आपल्याकडे नरेंद्र हिरवाणीचं काय झालं? १९८८ मध्ये चेन्नईत पहिल्याच कसोटीत १६ बळी, आणि कारकीर्द संपली तेव्हा १७ कसोट्यांत ६६. पहिल्या सामन्याच्या मापानं मोजलं तर त्या ६६ ला कुणी किंमतच देणार नाही.

बरं, अशा सुरुवाती दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या होतातच, त्या का? साधा हिशोब आहे. एखाद्याची खरी लायकी .२७० ची आहे, म्हणजे शंभर संधींत सत्तावीस हिट, चेंडू मारून बेस गाठणं. त्याला बॅटिंगच्या पन्नास संधी, म्हणजे अ‍ॅट-बॅट द्या. निव्वळ चेंडू कुठे पडला, फील्डर कुठे उभा होता एवढ्या योगायोगावर तो .३६० किंवा त्याच्याही वर जाण्याची शक्यता दहात एक असते. दहात एक! म्हणजे असे पन्नास खेळाडू घेतले तर साधारण पाच जण दोनेक आठवडे तारे दिसणार, आणि कॅमेरा नेमका त्या पाचांवरच जाणार. उरलेल्या पंचेचाळिसांची नावंसुद्धा आपल्या कानावर येत नाहीत.

कार्यवाहांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. आणि मुख्य मुद्दा अजून व्हायचाय. भरभर सांगतो.

पहिली गोष्ट. सुरुवातीचा आकडा फेकून द्यायचा नाही, आपल्याला आधी जे माहीत आहे त्याच्याकडे तो ओढायचा. चार्ल्स स्टाइन या संख्याशास्त्रज्ञानं १९५६ मध्ये यामागचं गणित मांडलं. १९७५ मध्ये ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस यांनी ते बेसबॉलवर लावून दाखवलं. १९७० च्या मोसमातले अठरा बॅटर, प्रत्येकाचे पहिले ४५ अ‍ॅट-बॅट. प्रत्येकाची सरासरी अठरा जणांच्या सामाईक सरासरीकडे, म्हणजे .२६५ कडे ओढली आणि उरलेल्या मोसमाशी ताडून पाहिली. नुसत्या सुरुवातीच्या आकड्यांवरून केलेल्या भाकितांशी तुलना केली, तर चुकांच्या वर्गांची बेरीज एक तृतीयांशाच्याही खाली आली. थर्मन मन्सन हा न्यूयॉर्कच्या यँकीजचा नवा कॅचर ४५ पैकी ८ वर होता, .१७८. उरलेल्या मोसमात तो .३१६ खेळला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला.

मात्र त्याच यादीत रॉबर्टो क्लेमेंटी आहे. ४५ पैकी १८, म्हणजे .४००. रीतीनं त्याला खाली .२९० वर आणलं, आणि तो उरलेला मोसम .३४६ खेळला. का चुकलं? त्या गणिताला क्लेमेंटी कोण हे ठाऊक नव्हतं. त्याआधी चार वेळा तो लीगमधल्या सर्वोच्च सरासरीचा मानकरी झाला होता. म्हणून ओढायचं ते सगळ्यांच्या सरासरीकडे नव्हे, त्या माणसाच्या स्वतःच्या इतिहासाकडे. नव्या पोराचा इतिहास म्हणजे मायनर लीगमधली दोन-तीन वर्षं आणि त्याचं वय. वीस वर्षांचा पोरगा आणि सव्वीस वर्षांचा पोरगा सारखेच चमकले, तर मी वीस वर्षांच्या पोरावर जास्त विसंबेन.

दुसरी गोष्ट, आणि ही माझ्या सर्वांत जिव्हाळ्याची. पहिल्या महिन्यात त्यानं मारलेले चेंडू बघू नका, सोडलेले बघा. सगळे आकडे सारख्या वेगानं स्थिरावत नाहीत. रसेल कार्लटन यांनी केलेल्या अभ्यासात स्ट्राइकआउटचं, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद होण्याचं, प्रमाण साधारण ६० वेळा प्लेटवर, म्हणजे बॅटिंगला, आल्यावर बऱ्यापैकी भरवशाचं होतं आणि वॉकचं, म्हणजे चार बाहेरचे चेंडू सोडून फुकट बेस मिळण्याचं, १२० च्या सुमाराला. बॅटिंग सरासरीला मात्र ९०० च्या वर अ‍ॅट-बॅट लागतात, म्हणजे दीड मोसम! आणि आपण एप्रिलमध्ये नेमकी तीच सरासरी घेऊन बसतो.

उदाहरण अटलांटाच्या जेफ फ्रँकूरचं. २००५ च्या जुलैत एकविसाव्या वर्षी आला, पहिल्याच सामन्यात होमरन मारला, ७० सामन्यांत .३०० आणि १४ होमरन. सगळा देश त्याच्या मागे. पण २७४ वेळा प्लेटवर येऊन त्याला वॉक मिळाले फक्त ११, आणि स्ट्राइकआउट ५८. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे लोक, काही दुधखुळे नसतात. हा बाहेरच्या चेंडूलाही हात घालतो हे एकदा कळलं, की त्याला आतला चेंडू टाकायचा कशाला? २००६ मध्ये तो सगळे १६२ सामने खेळला, २९ होमरनही मारले, पण बेसवर पोचण्याचं प्रमाण .२९३. आणि २००८ मध्ये काही दिवस मायनर लीगच्या डबल-ए संघात. बारा मोसम तो मेजर लीगमध्ये खेळला, हेही सांगायलाच हवं. पण २००५ मध्ये जे सोनं वाटलं होतं, त्यातली खोट त्या ११ मध्ये तेव्हाच दिसत होती.

म्हणून स्टेडियममध्ये गेलात की हे करून बघा. दोन स्ट्राइक झालेत आणि पिचरनं स्लायडर टाकलाय, प्लेटच्या बाहेर खाली पडणारा. त्या क्षणी चेंडूकडे बघू नका, बॅटरच्या पुढच्या गुडघ्याकडे बघा. कच्चा खेळाडू तिथे पुढे कोसळतो. ज्याचे हात थांबतात, बॅट खांद्यापाशीच राहते आणि डोळे चेंडू थेट कॅचरच्या ग्लव्हमध्ये पोचवून येतात, त्याची सरासरी .२०० असली तरी त्याचं नाव वहीत लिहून ठेवा. मी आणि माझा मुलगा २००७ पासून स्कोअरकार्डच्या कडेला "सोडले" असा रकाना आखत आलोय.

शेवटचा एक मिनिट, आणि तो माझ्याच नियमाविरुद्ध. २०१६ च्या ऑगस्टमध्ये यँकीजच्या अ‍ॅरन जजनं पहिल्याच अ‍ॅट-बॅटला होमरन मारला. पुढे मोसमअखेर ८४ अ‍ॅट-बॅटमध्ये ४२ स्ट्राइकआउट, सरासरी .१७९. प्लेटवर येण्याचा साठचा आकडा कधीच ओलांडलेला. मी फोनवर मुलाला म्हणालो, "याचं काही खरं नाही." मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात. तो म्हणाला, "बाबा, मायनर लीगमध्ये त्याला किती वॉक मिळाले ते आधी बघा. क्लेमेंटीचं तुम्हीच सांगितलंत ना मला?" पुढच्या वर्षी जजनं ५२ होमरन मारले. स्ट्राइकआउट २०८ झाले, तेही खरं. पण वॉक १२७, अमेरिकन लीगमध्ये सर्वांत जास्त. ऑक्टोबरात मुलानं मला पाकिटातून एक सोनेरी चांदणी पाठवली, बरोबर चिठ्ठी नाही, काही नाही. ती आता त्या फ्रीजवर आहे.

वेळ संपली. प्रश्न असतील तर चहाच्या टेबलापाशी बोलू.