चिलापीचा गळ

श्रोतेहो, नमस्कार. भीमेवरील उजनी जलाशयाच्या काठी, भिगवणच्या बाजूला, सकाळी गळ टाकून बसलेल्या माणसाला काय लागले असे विचारले, तर बहुधा ‘चिलापी’ हेच उत्तर मिळते. तिलापिया हे तिचे पुस्तकी नाव. मूळची आफ्रिकेची ही मासळी १९५२ साली भारतात आणली गेली आणि आता आपल्या तळ्याधरणांत पुरती रुळली आहे.

नवख्याची पहिली चूक गळाच्या आकारातच होते. मरळीसाठी ठेवलेला जाडजूड गळ तो इथेही वापरतो आणि आमिष मात्र दर वेळी कुरतडून नाहीसे होते. चिलापीचे तोंड लहान. शेवाळ, सूक्ष्म जीव आणि तळाचा गाळ टिपत ती जगते, त्यामुळे घास एकदम न गिळता ती तो ओठांनी चाचपून पाहते. आठ ते दहा क्रमांकाचा लहान गळ, बारीक तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, गळापासून वीतभर वर ज्वारीच्या दाण्याएवढे शिसे आणि मोरपिसाच्या देठाचा तरंगा एवढे साहित्य पुरते. गांडूळ अख्खे लावू नये; गळाचे टोक जेमतेम झाकेल एवढा तुकडा पुरे. गांडूळ न मिळाल्यास कणीक घट्ट मळावी आणि तिच्यात कापसाचे चार तंतू मिसळावेत, म्हणजे वाटाण्याएवढी गोळी पाण्यात लवकर विरघळत नाही.

तरंगा पाण्यावर बोटभरच दिसेल असा तोलावा. चिलापी तो झटक्यात बुडवीलच असे नाही. तो दोनदा थरथरतो, मग आडवा सरकू लागतो, आणि त्या सरकण्यालाच काठी मनगटाने हलकेच उचलायची असते. थरथरताच हिसका देणाऱ्याच्या हाती रिकामा गळ येतो. मी स्वतः कित्येक सकाळी असा रिकामा गळ न्याहाळण्यात घालवल्या आहेत.

उन्हाळ्यात उथळ पाण्याच्या तळाशी ताटलीसारखे खड्डे दिसतात. ते नराने विणीसाठी केलेले असतात, आणि मादी अंडी तोंडात घेऊन निघून जात असल्याने तिथे लागतो तो बहुधा नरच. थंडीत मात्र आमिष खोल सोडावे. जलाशयातील मासेमारीचे हक्क अनेकदा ठेक्याने दिलेले असतात, म्हणून बसण्यापूर्वी काठावर विचारून घ्यावे.

मासा गळावरून सोडवताना हात डोक्याकडून शेपटीकडे फिरवावा, म्हणजे पाठीवरचे काटे आडवे पडतात. उलट दिशेने धरलेली चिलापी तळहातात चांगलीच रुतते.