बूट फलाटावर राहिले

(पडद्यावर: धुक्यातला डोंगर, दगडी इमारती, खाली दरीत रेल्वेचे रूळ)

१८९९चा नोव्हेंबर. अमेरिकेतलं टेनेसी राज्य. कंबरलँडच्या पठारावर सीवानी नावाचं छोटंसं गाव आहे, आणि गाव म्हणजेच कॉलेज. नाव मात्र भारदस्त, 'युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ'. तिथला ल्यूक ली नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी रेल्वेचं वेळापत्रक पुढ्यात घेऊन हिशेब जुळवतोय. तो फुटबॉल संघाचा मॅनेजर आहे, आणि संघाच्या तिजोरीत खडखडाट आहे.

कारण साधं होतं. शेजारच्या व्हँडरबिल्ट कॉलेजबरोबरचा सामना म्हणजे वर्षाचा मोठा गल्ला. त्या गल्ल्याच्या वाटणीवरून दोघांचं बिनसलं आणि यंदा सामनाच रद्द झाला. पैसे उभे करायचे तर बाहेर पडायचं, आणि रेल्वेचं भाडं भरून एवढ्या लांब जायचंच, तर एका सामन्यावर परत का यायचं?

लीनं पाच सामने ठरवले. सहा दिवसांत.

(पडद्यावर: जुना नकाशा, त्यावर सरकत जाणारी लाल रेघ)

इथे एक खुलासा. हा आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. लांबुळका चेंडू पोटाशी धरायचा आणि समोरच्या गड्यांच्या भिंतीत घुसायचं. तीन प्रयत्नांत पाच यार्ड, म्हणजे जेमतेम साडेचार मीटर सरकायचं. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. चेंडू पुढे फेकायची परवानगी अजून आलेली नाही, ती १९०६ साली येईल. डोक्याला हेल्मेट नाही. पस्तीस मिनिटांचे दोन डाव. आणि एकदा बाहेर गेलात की त्या सामन्यात परत आत येता येत नाही. त्यामुळे लंगडत असला तरी गडी बाहेर जायला तयार नसायचा.

एकवीस खेळाडू गाडीत बसले. डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी पिंपांत भरून सोबत घेतलं होतं, असं सांगतात. परक्या गावच्या पाण्यानं पोट बिघडायला नको. पाण्याची एवढी काळजी, आणि गाडी सुटल्यावर कळलं की खेळायचे बूट मागेच राहिलेत! लीनं तार केली, मागच्या गाडीनं बूट मागवले. आता ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेलीय की तिच्यात थोडं मीठमसाला पडलेला असणारच. पण बूट वेळेवर पोचले म्हणतात.

९ नोव्हेंबर, गुरुवार. ऑस्टिन. टेक्सस विद्यापीठ. १२–०. कप्तान हेन्री सायबल्स, सगळे त्याला 'डिडी' म्हणत. त्याचं डोकं फुटलं, तरी तो मैदानातून हलला नाही.

रात्री पुन्हा गाडी. शुक्रवारी ह्यूस्टन, टेक्सस ए अँड एम, १०–०. पुन्हा गाडी. शनिवारी न्यू ऑर्लिन्स, टुलेन, २३–०.

(पडद्यावर: रात्रीचा रेल्वेचा डबा, खिडकीत हलणारा कंदील)

या तीन दिवसांतल्या रात्रींचा विचार करा. सत्तर मिनिटं मार खाऊन आलेली पोरं, सुजलेले गुडघे, आणि खाली खडखडणारी चाकं. अंग आखडलं की सकाळी उठवत नाही, हे कबड्डी खेळलेल्या कुणालाही विचारा. इथे सकाळी उठून नुसतं चालायचं नव्हतं, नव्या ताज्यातवान्या संघाच्या अंगावर जायचं होतं.

रविवारी सामना नाही. सोमवारी बॅटन रूज, लुइझियाना स्टेट, ३४–०. मंगळवारी मेम्फिस, मिसिसिपी, १२–०.

साधारण चार हजार किलोमीटर, पाच विजय, आणि पाचही संघ मिळून एक गुण नाही.

या दौऱ्याविषयी अमेरिकेत एक लाडकं वाक्य आहे: 'आणि सातव्या दिवशी त्यांनी विश्रांती घेतली.' बायबलची आठवण करून देणारं, ऐकायला छान, फक्त खरं नाही. विश्रांती चौथ्या दिवशीच झाली होती.

मोसम मात्र संपला नव्हता. अलाबामातल्या माँटगोमेरीत ३० नोव्हेंबरला गाठ पडली ऑबर्नशी. त्यांचा प्रशिक्षक जॉन हाइजमन. आज अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली सगळ्यात मानाची ट्रॉफी त्याच्याच नावाची आहे. सीवानीला त्या वर्षी घाम फोडला तो याच संघानं. ११–१०. तेव्हा टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेण्याचे, गुण पाच आणि त्यानंतरच्या किकचा एक. त्या एका किकवर सगळा मोसम तरला.

दोनच दिवसांनी अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाला ५–० असं हरवलं आणि वही मिटली. बारा सामने, बारा विजय. केलेले गुण ३२२, दिलेले १०. ते दहाही ऑबर्नचे.

(पडद्यावर: संघाचं कृष्णधवल छायाचित्र, कॅमेरा एकेका चेहऱ्यावर थांबत जातो)

ल्यूक ली पुढे अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेला. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९१९च्या जानेवारीत, काही सोबत्यांना घेऊन तो हॉलंडमध्ये शिरला; पदच्युत जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मला उचलून आणायला! तो बेत फसला. नंतर बँकेच्या एका प्रकरणात त्याला तुरुंगही पाहावा लागला. आडवेतिडवे बेत रचायची खोड काही जन्मात सुटली नाही.

फुलबॅक ऑर्मंड सिमकिन्सचं तसं झालं नाही. भिंतीत सगळ्यात जास्त वेळा घुसणारा गडी तोच. मैदानावरच्या त्या दुखापती त्याला आयुष्यभर पुरल्या. शेवटी पाय कापायची वेळ आली. त्याच्या गुडघ्यांचा हिशेब ३२२–१० मध्ये कुठेच नाही.

आणि सीवानी? १९३२ साली दक्षिणेतल्या बड्या विद्यापीठांनी मिळून 'साउथईस्टर्न कॉन्फरन्स' काढली, तीत हे डोंगरावरचं कॉलेजही होतं. पण काळ बदलला होता. आठ मोसमांत या कॉन्फरन्समधले ३७ सामने खेळले, ३७ हरले. १९४० साली बाहेर पडले.

फुटबॉल सोडला नाही. आता तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. शनिवारी दुपारी पोरं मैदानात उतरतात, आणि सोमवारी सकाळी त्यांतले काहीजण अंगात अभ्यासातल्या हुशारीचा मानाचा काळा झगा चढवून, जरा लंगडत, वर्गात जाऊन बसतात.

(पडद्यावर: रिकामं मैदान, पलीकडे धुकं)