ई टीव्ही मराठी: जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचलेली वाहिनी मोजणीत कुठे हरवली?

नमस्कार मंडळी!

मार्च 2015 मध्ये मराठी टीव्हीवरचं एक मोठं नाव गेलं. मालिका त्याच होत्या, कलाकार तेच होते, केबलवरचा नंबरही तोच. कोपऱ्यातला लोगो तेवढा बदलला आणि ई टीव्ही मराठीची कलर्स मराठी झाली. आज विशीतल्या मुलांना विचारलं तर ‘ई टीव्ही’ हे नाव नीट आठवतही नाही. जवळजवळ पंधरा वर्षं ही वाहिनी महाराष्ट्राच्या घराघरांत होती. ती मोठी कशी झाली आणि तिचं नाव का पुसलं गेलं, ते आज मला सविस्तर सांगायचंय. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात एका वाहिनीपेक्षा मोठा प्रश्न आहे: मराठी प्रेक्षक नेमका मोजतं कोण, आणि कुठे?

थोडं मागे जाऊ. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, वरळीहून. पुढची सत्तावीस वर्षं मराठी टीव्ही म्हणजे दूरदर्शनच. 1992 मध्ये झी आलं, पण हिंदीत. 1993 मध्ये तमिळमध्ये सन टीव्ही आलं, मल्याळममध्ये एशियानेट आलं. मग देशातला सगळा जाहिरात धंदा ज्या मुंबईत चालतो, त्या मुंबईच्या भाषेला स्वतःची खासगी वाहिनी मिळायला 15 ऑगस्ट 1999 का उजाडावं लागलं? अल्फा मराठी, म्हणजे नंतरची झी मराठी, त्या दिवशी सुरू झाली.

कारण सरळ आहे. नरिमन पॉइंटला बसून जाहिरातींचं बजेट वाटणारी मंडळी महाराष्ट्राला हिंदीच्या हिशेबात धरायची. टीव्हीच्या आकडेवारीत ‘हिंदी स्पीकिंग मार्केट’ नावाचा एक गठ्ठा असतो, आणि त्यात महाराष्ट्र येतो. तमिळ माणसाला साबण विकायचा तर तमिळ वाहिनीच लागते. मराठी माणूस मात्र हिंदी मालिका बघतोच, मग त्याच्यासाठी वेगळे पैसे कशाला मोजायचे? हा हिशेब मराठी वाहिन्यांच्या मानगुटीवर पहिल्या दिवसापासून बसलाय.

अशा वेळी या बाजारात एक हैदराबादचा माणूस उतरला. रामोजी राव. 1974 मध्ये विशाखापट्टणमहून त्यांनी ‘ईनाडु’ हे तेलुगू दैनिक काढलं, आणि प्रत्येक जिल्ह्याला त्याच्या स्वतःच्या बातम्यांची पानं देऊन ते वाढवलं. 1995 मध्ये तेलुगू ई टीव्ही आणलं, 1996 मध्ये हैदराबादजवळ रामोजी फिल्म सिटी उभी केली. आणि जुलै 2000 मध्ये ई टीव्ही मराठी सुरू केली. पाठोपाठ कन्नड, गुजराती, उर्दू, ओडिया, हिंदी राज्यांच्या वाहिन्या; 2003 संपेपर्यंत बारा वाहिन्यांचं जाळं झालं होतं.

ई टीव्ही मराठी आली त्याच वर्षी, 2000 मध्ये, मराठीत आणखी एक वाहिनी आली होती, तारा मराठी. स्टार इंडिया चालवलेल्या रतिकांत बसूंनी ती काढली होती. ती फार टिकली नाही. मराठीत वाहिनी काढणं सोपं होतं, रोज चालवणं अवघड होतं. मग ई टीव्ही का टिकली?

इथे जरा थांबतो, कारण खरी मजा इथे आहे.

ई टीव्हीचा पाया होता बातम्यांचा. तेव्हा मराठीत चोवीस तास बातम्या देणारी एकही वाहिनी नव्हती. ई टीव्ही मनोरंजनाची वाहिनी, पण तिच्यात बातमीपत्रं होती आणि त्यांच्यामागे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बातमीदारांचं जाळं होतं. नांदेड, जळगाव, चंद्रपूर, सिंधुदुर्ग. इथली बातमी एरवी टीव्हीवर कधी यायची? पूर आला किंवा दंगल झाली तर. ई टीव्हीवर मात्र तालुक्याच्या बाजार समितीतला भाव पडला, एसटीचा संप झाला, पाण्याचा टँकर आला नाही, तर त्याचीही बातमी व्हायची. दैनिकात जी जिल्ह्याची पानं होती, तीच रामोजींनी पडद्यावर आणली. मराठीत हे आधी कोणी केलं नव्हतं.

आणि ही बातमी जायची कशी? बातमीदार शूट करणार महाराष्ट्रात आणि बुलेटिन निघणार हैदराबादहून! मराठी डेस्क रामोजी फिल्म सिटीत. पुण्या-मुंबईहून, मराठवाड्या-विदर्भातून विशी-पंचविशीतली पोरं तिथे गेली. शेजारच्या टेबलावर बांगला डेस्क, पलीकडे कन्नड, त्यापलीकडे उर्दू. शेकडो किलोमीटर लांब बसून गडचिरोलीची बातमी लिहायची, म्हणजे गावाचं नाव, आडनाव, तालुका चुकता कामा नये. चुकलं की तिकडून फोन आलाच. आज मराठी न्यूज चॅनेलांवर जे चेहरे तुम्ही बघता आणि जे पडद्यामागे संपादक म्हणून काम करतात, त्यांच्यातले कितीतरी जण या डेस्कवर घडलेत. मराठी टीव्ही पत्रकारितेची पहिली मोठी शाळा हैदराबादेत भरली, ही माझ्या मते आपल्या माध्यमांच्या इतिहासातली अतिशय महत्त्वाची गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय.

बातम्यांच्या जोडीला सकाळी शेतकऱ्यांसाठी ‘अन्नदाता’ होतं. राजू परुळेकरांचा ‘संवाद’ होता. एका माणसाला समोर बसवून त्याला शेवटपर्यंत बोलू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही, एवढा साधा कार्यक्रम. पण त्यात लेखक, डॉक्टर, कार्यकर्ते येऊन मनापासून बोलले. आज मुलाखतीचे जे लांबलचक पॉडकास्ट आपण ऐकतो, ते तेव्हा रोजच्या टीव्हीवर चालू होतं.

आणि मग मालिका. ‘चार दिवस सासूचे’. 2001 ते 2013! रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड. तीन हजारांहून जास्त भाग. हा आकडा नुसता ऐकून सोडू नका. डेलीसोप चालवणं म्हणजे काय, ते जरा जवळून बघा. आज सेटवर जे शूट होतं ते काही दिवसांनी दिसणार असतं, मधल्या तयार भागांना ‘बँक’ म्हणतात. बँक पाच-सहा भागांची असेल तर सगळे निवांत असतात. कलाकार आजारी पडला, गणपतीच्या सुट्ट्या आल्या, पावसात लोकल बंद पडल्या की बँक संपते आणि मग सकाळी लिहिलेला सीन दुपारी शूट, रात्री एडिट, दुसऱ्या दिवशी प्रक्षेपण. त्यातही आपले कलाकार नाटकवाले. दुपारी साडेतीनला शिवाजी मंदिरला प्रयोग असेल तर त्यांचे सीन आधी काढून त्यांना मोकळं करावं लागतं. अकरा-बारा वर्षं हे न थांबता चालू होतं. स्पॉटदादापासून लेखकापर्यंत शेकडो मराठी घरांच्या चुली या एका मालिकेवर पेटल्या. सासू-सुनेच्या मालिकांना नाकं मुरडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

एवढं सगळं होतं, तर मग घसरण कशी झाली?

पहिला धक्का 2007-08 मध्ये बसला. 2007 मध्ये झी 24 तास आणि स्टार माझा, म्हणजे आजचं एबीपी माझा, सुरू झाल्या. 2008 मध्ये आयबीएन लोकमत. बातमी आता रात्रीच्या बुलेटिनची वाट बघेना. ई टीव्हीच्या डेस्कवर तयार झालेली माणसं भराभर या वाहिन्यांत गेली आणि जाताना आपली जिल्ह्यांची ओळख घेऊन गेली. नोव्हेंबर 2008 मध्ये करमणुकीच्या बाजूने स्टार प्रवाह आलं. बातम्यांत चोवीस तासवाले, मालिकांत झी आणि स्टार. दोन्ही बाजूंनी कोंडी झाली.

दुसरी गोष्ट केबलची. डिजिटल सेट टॉप बॉक्स येण्याआधी केबलच्या वायरमध्ये शंभरेक वाहिन्यांचीच जागा असायची आणि जुन्या टीव्ही संचांवर वरच्या बँडवरचं चित्र मुंग्या आल्यासारखं दिसायचं. म्हणून केबलवाल्याला पैसे देऊन चांगल्या बँडवर जागा घ्यावी लागायची. याला म्हणतात कॅरेज फी. आणि सगळ्यात महाग जागा कुठली? मुंबईची. कारण टीआरपीचे मीटर मुंबईत होते. 31 ऑक्टोबर 2012 ला मुंबईत जुनं ॲनालॉग केबल बंद झालं, तोवर हा खर्च वाहिन्यांच्या डोक्यावर होताच.

आता तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी हा व्हिडिओ करतोय. मीटर.

टीआरपी तेव्हा टॅम नावाची कंपनी काढायची. निवडलेल्या घरांत टीव्हीशेजारी एक पेटी ठेवायची, घरातल्या प्रत्येकाला एक बटण. टीव्ही बघायला बसलात की आपलं बटण दाबायचं. अगदी शेवटी शेवटीसुद्धा देशभरात असे मीटर होते दहा हजारांच्या आसपास आणि सगळे शहरांत. खेड्यात एकही नाही. म्हणजे परभणीच्या एखाद्या गावात संध्याकाळी सात-आठ घरं एकत्र बसून ई टीव्ही बघत असतील, तरी हिशेबात ती शून्य. गावोगावी बातमीदार नेमून या वाहिनीने जो प्रेक्षक जोडला, त्यातला केवढातरी भाग आकड्यांत कधी आलाच नाही. जाहिरातदार पैसे देतो ते आकडा बघून. मग दादर, ठाणे आणि कोथरूडमधल्या घरांना काय आवडतं, तेवढ्यावर मराठी वाहिनीचं भवितव्य ठरायचं. मला हा मराठी ग्रामीण प्रेक्षकावर झालेला मोठा अन्याय वाटतो.

जानेवारी 2012 मध्ये नेटवर्क 18 या माध्यम कंपनीने ईटीव्हीच्या प्रादेशिक वाहिन्या घ्यायचं जाहीर केलं. व्यवहार साधारण 2,100 कोटींचा. रिलायन्स समूहाने त्याआधीच ईटीव्हीत सुमारे 2,600 कोटी गुंतवले होते, हेही तेव्हाच समोर आलं. जानेवारी 2014 मध्ये व्यवहार पूर्ण झाला. तेलुगू ई टीव्ही रामोजी समूहाने हातातून सोडली नाही. मराठी गेली.

नव्या रचनेत बातम्यांना जागाच नव्हती, आणि यामागे नियम होता. 2015 मध्ये अमेरिकेच्या व्हायाकॉमने या मनोरंजन वाहिन्यांच्या कंपनीतला निम्मा हिस्सा 940 कोटींना घेतला. मनोरंजनाच्या वाहिनीत परदेशी भांडवल शंभर टक्क्यांपर्यंत चालायचं. बातम्यांच्या वाहिनीत तेव्हा मर्यादा होती 26 टक्क्यांची. निम्मी मालकी परदेशी असलेल्या कंपनीला बातम्या दाखवता येणारच नव्हत्या. ज्या बातम्यांवर ई टीव्ही मराठी उभी राहिली, त्याच नव्या घरात कायद्याने बसत नव्हत्या. आणि मार्चमध्ये नावही गेलं.

आता तारखा नीट बघा.

[पडद्यावर मोठ्या अक्षरांत: मार्च 2015 / ऑक्टोबर 2015]

मार्च 2015, ई टीव्ही मराठी हे नाव बंद. ऑक्टोबर 2015, बार्क या नव्या संस्थेने देशात पहिल्यांदा ग्रामीण भागाचे टीव्ही आकडे दिले. बावीस हजार घरांत मीटर बसवले होते, त्यात आता खेडी होती. मधे फक्त सात महिने!

आणि आकडे आल्यावर मराठी टीव्हीचं काय झालं? मालिकांनी मुंबईतले फ्लॅट सोडून थेट गावाचा रस्ता धरला. 2016 मध्ये झी मराठीवर कोल्हापूरच्या मातीतली ‘तुझ्यात जीव रंगला’, 2017 मध्ये साताऱ्यातली ‘लागिरं झालं जी’. 2018 मध्ये खुद्द कलर्स मराठीवर आदमापूरच्या बाळूमामांची मालिका आली आणि वर्षानुवर्षं चालली. पात्रं साताऱ्या-कोल्हापूरकडची बोली बोलायला लागली, धोतर-नऊवारी परत दिसायला लागली. हा प्रेक्षक काही ऑक्टोबर 2015 मध्ये जन्माला आला नव्हता. तो आधीपासून होता आणि त्याच्या दारात मायक्रोफोन घेऊन पहिल्यांदा गेली होती ती ई टीव्हीच.

मीटर आधी आले असते तर ई टीव्ही वाचली असती का? बातम्या तरी टिकल्या नसत्या असं मला वाटतं, चोवीस तासवाल्यांपुढे रात्रीचं बुलेटिन तग धरणं कठीण होतं. पण विक्रीच्या टेबलावर ती वेगळ्या किमतीने, वेगळ्या तोऱ्यात बसली असती, याबद्दल मला शंका नाही.

जून 2024 मध्ये रामोजी राव गेले. त्यानंतर पाच महिन्यांनी, नोव्हेंबर 2024 मध्ये कलर्सवाली व्हायाकॉम 18 आणि स्टारच्या वाहिन्यांची डिस्ने स्टार एकत्र येऊन जिओस्टार ही कंपनी झाली. म्हणजे स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी, कालपर्यंतच्या कट्टर स्पर्धक, आज एकाच मालकाच्या आहेत.

शेवटी एक काम सांगतो. या वाहिनीवरच्या जिल्ह्यांच्या बातम्या, ‘संवाद’च्या मुलाखती, यांच्यावर हक्क वाहिनीचा, आणि वाहिनी हातोहात विकली गेली की जुन्या टेप कुठल्या गोदामात जातात, त्याला कोणी वाली नसतो. पण त्या काळी काही घरांत व्हीसीआर होते. तुमच्या वडिलांची, आजीची, गावातल्या एखाद्या कार्यकर्त्याची मुलाखत तुम्ही टीव्हीवरून टेप करून ठेवली असेल तर ती कॅसेट शोधा. मुंबईच्या दमट हवेत व्हीएचएसच्या फितीला पांढरी बुरशी लागते, आणि तशीच प्लेअरमध्ये घातली तर फीत तुटते. म्हणून घरी लावून बघू नका. आधी साफ करून घ्या, जुन्या कॅसेट डिजिटल करून देणाऱ्याकडे न्या, आणि टेपवर तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव लिहिलेलं नसेल तर ज्यांना आठवतंय त्यांना आजच विचारून लिहून ठेवा. आणि तुम्ही स्वतः हैदराबादच्या त्या मराठी डेस्कवर किंवा जिल्ह्यात बातमीदार म्हणून काम केलं असेल, तर मला तुमच्याशी बोलायचंय, कॅमेऱ्यासमोर, अगदी सविस्तर.