दोन वर्षांचा करार: बेल्जियमच्या खाणवस्त्यांतील निर्वासित कुटुंबे

नमस्कार. १९४७ साली बेल्जियमचे भरती अधिकारी जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांमध्ये आले, तेव्हा टेबलापुढे उभ्या असलेल्या पुरुषाबद्दल त्यांना मुख्यतः दोन गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या. तो मूळचा कुठला, ही पहिली, आणि त्याची छाती, पाठ व हात जमिनीखालच्या कामाला पुरे पडतील का, ही दुसरी. त्याला बायको-मुले आहेत का, हा प्रश्न नंतरचा होता. आजच्या भागात आपण त्या नंतरच्या प्रश्नाकडे, म्हणजे कोळशाच्या खाणीशेजारी नव्याने बिऱ्हाड मांडणाऱ्या कुटुंबांकडे पाहणार आहोत.

महायुद्ध संपले तेव्हा युरोपात सुमारे एक कोटी माणसे आपापल्या घरांपासून दूर फेकली गेलेली होती. नाझींनी वेठबिगारीसाठी जर्मनीत आणलेले मजूर, छळछावण्यांतून वाचलेले कैदी, आघाडी सरकत गेली तसे पळत सुटलेले शेतकरी, असे सगळेच त्यांत होते. त्यांतले बहुतेक काही महिन्यांत परतले. मात्र सुमारे दहा लाख माणसांनी परत जायला नकार दिला किंवा त्यांना परतण्याजोगे ठिकाणच उरले नव्हते, कारण लाटव्हिया, लिथुआनिया, एस्टोनिया आणि पोलंडचा पूर्वभाग आता सोव्हिएत संघात गेला होता.

राष्ट्रीयत्वाच्या रकान्याला महत्त्व आले ते इथे. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे झालेल्या करारानुसार सोव्हिएत नागरिकांना त्यांची इच्छा असो वा नसो, परत पाठवायचे होते. पण १९३९ पूर्वी जो प्रदेश पोलंडमध्ये होता, तिथल्या युक्रेनी माणसाला पाश्चात्त्य अधिकारी सोव्हिएत नागरिक धरत नसत. साहजिकच कीव्हकडचे कितीतरी लोक आपण गॅलिशियातले, म्हणजे जुन्या पोलंडमधले आहोत, असे सांगू लागले. एकाच कुटुंबातल्या सगळ्यांना नवे जन्मगाव पाठ करावे लागे, आणि लहान मुलांच्या तोंडून चुकून खरे गाव निघू नये म्हणून आईला डोळ्यांत तेल घालून जपावे लागे.

[पडद्यावर नकाशा: शार्लेरुआ, लिएज आणि लिम्बुर्ख]

आता बेल्जियमची गरज पाहू. पंतप्रधान आखिल व्हान आकर यांनी १९४५ मध्येच ‘कोळशाची लढाई’ पुकारली होती. कारखाने, रेल्वे, घरातल्या शेगड्या, सगळे कोळशावर चाले आणि बेल्जियन तरुण मात्र खाणीत उतरायला तयार नव्हते. सुरुवातीला जर्मन युद्धकैद्यांना जुंपले गेले, पण त्यांना कायमचे ठेवता येणार नव्हते. जून १९४६ मध्ये इटलीशी पन्नास हजार कामगारांचा करार झाला, आणि जानेवारी १९४७ मध्ये जर्मनीतल्या अमेरिकन लष्करी प्रशासनाशी विस्थापितांसाठी वेगळा करार झाला. बेल्जियमला वीस हजार खाणकामगार हवे होते, आणि १९४७ संपत आले तोवर सुमारे बावीस हजार विस्थापित तिथे पोहोचले होते. विस्थापितांना इतक्या मोठ्या प्रमाणावर दार उघडणारा हा पहिला देश. त्याबद्दल त्याचे कौतुक झाले आणि स्वस्त मजूर मिळवण्याची ही युक्ती आहे अशी टीकाही झाली. माझ्या मते टीका करणारे सत्याच्या अधिक जवळ होते, कारण दोन वर्षे खाणीतच काम करण्याची अट करारात होती आणि जो ते काम टाकेल त्याला पुन्हा जर्मनीतल्या छावणीची वाट धरावी लागे. ज्याला आपण आश्रय म्हणतो, तो असा पाळीच्या हिशेबाने मिळत नाही.

आधी पुरुष आला, कुटुंब मागाहून आले. उतरायला जागा मिळाली ती अनेकदा त्याच बराकींत, जिथे काही महिन्यांपूर्वीपर्यंत जर्मन युद्धकैदी राहत होते. काही ठिकाणी अर्ध्या पिंपासारख्या गोल छपराच्या पत्र्याच्या झोपड्या होत्या. पत्र्याच्या घराचा अनुभव आपल्याकडे पुष्कळांना आहे, पण इथे हिवाळ्यात आतला ओलावा पत्र्यावर गोठे, चूल पेटली की वितळे आणि अंथरुणावर ठिबके. खाणकामगाराला कंपनीकडून घरचा कोळसा मिळत असल्यामुळे चूल मात्र विझत नसे. त्या चुलीवर पाणी तापवणे, काळे पडलेले कपडे उकळणे, सकाळ, दुपार आणि रात्र अशा तिन्ही पाळ्यांप्रमाणे जेवणाची वेळ बदलणे आणि रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपलेला असताना एकाच खोलीत मुलांना गप्प बसवणे, हे बाईचे काम होते. त्याची नोंद कुठल्याही करारात नव्हती.

आता खाणीकडे वळू. कपडे बदलण्याच्या दालनात कामगार आपले स्वच्छ कपडे आकड्याला अडकवत आणि साखळी ओढून वर छतापर्यंत चढवत, त्यामुळे शेकडो सदरे-विजारी डोक्यावर लोंबकळताना दिसत. मग दिवाघरात दिवा आणि क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला. कोण खाली आहे आणि कोण वर आला, हे त्या बिल्ल्यांवरून कळे. पुढे पिंजरा, आणि काही मिनिटांत हजार मीटर खोली. दक्षिणेकडच्या वॉलोनियातले थर इतके पातळ होते की काही ठिकाणी माणसाला कुशीवर पडून हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याने कोळसा फोडावा लागे. शेतात वाढलेला लिथुआनियन किंवा युक्रेनी माणूस याला सरावलेला असण्याचे काही कारणच नव्हते. फुप्फुसात साचणाऱ्या धुळीचा आजार, सिलिकोसिस, बेल्जियमने व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केला तो १९६४ मध्ये. १९४७ साली तीस वर्षांचा असलेला कामगार तोवर सत्तेचाळीस वर्षांचा झाला होता.

शेजाऱ्यांनी त्यांचे स्वागत केले का? सरसकट नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बेल्जियमच्या खाणींत आलेल्या पोलिश कामगारांपैकी बरेच डाव्या विचारांचे होते आणि काहींनी तर युद्धानंतर नवा पोलंड उभारायला परतीची गाडी धरली होती. त्यांच्या नजरेत, कामगारांच्या राज्यात परतायला नकार देणारा हा नवा माणूस संशयास्पद होता, नाझींचा हस्तक तर नसेल ना, असा. वेठबिगारीतून सुटून आलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावे लागे.

थोडे विषयांतर करतो, कारण याच कहाणीचा एक धागा कोल्हापुरात आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत मुख्यतः स्त्रिया आणि मुले होती, आणि अनेकींचे नवरे किंवा मुलगे जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यात होते. छावणी बंद होऊ लागली तेव्हा त्यांतली बरीच कुटुंबे त्या पुरुषांकडे ब्रिटनला गेली. ब्रिटनच्या खाणींनाही माणसे हवीच होती, पण खाणकामगार संघटनेची अट अशी होती की स्थानिक शाखेची संमती असेल तरच पोलिश माणसाला घ्यायचे, आणि कामगारकपात झाली तर आधी त्यालाच काढायचे. म्हणजे देश बदलला तरी पाहुण्याचे पान शेवटच्या पंगतीतच.

पुन्हा बेल्जियमकडे येऊ. दोन वर्षे संपता संपता अमेरिकेने १९४८ चा विस्थापितांसाठीचा कायदा केला होता, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाही माणसे घेत होते. पुष्कळ कुटुंबांनी पुन्हा ट्रंका बांधल्या. बेल्जियम त्यांच्यासाठी दोन वर्षांचा मुक्काम ठरला. जे राहिले, त्यांतले काही उत्तरेकडच्या लिम्बुर्ख प्रांतात स्थिरावले. तिथल्या गेंक गावात विंटर्सलाख, वाटरस्खे आणि झ्वार्टबर्ख अशा तीन खाणी होत्या आणि कंपन्यांनी बांधलेल्या बागवस्त्यांमध्ये घराला परसदार असे. बटाटे, कोबी, बीट लावता येतील एवढी जमीन मिळणे ही शेतकरी कुटुंबासाठी लहान गोष्ट नव्हती. पण ते घरही खाणीचेच होते, हे विसरता येत नसे.

८ ऑगस्ट १९५६ च्या सकाळी शार्लेरुआजवळच्या मार्सिनेल येथील ब्वा द्यू काझिए या खाणीत, ९७५ मीटर खोलीवर, कोळशाची एक वाघीण पिंजऱ्यात नीट बसली नाही. पिंजरा हलला तेव्हा बाहेर राहिलेल्या वाघिणीने तेलाची नळी आणि विजेच्या तारा तोडल्या आणि आग लागली. फाटकाबाहेर बायका-मुले दिवसेंदिवस उभी होती. २३ ऑगस्टला खालून परतलेल्या बचावपथकातल्या एकाने इटालियन भाषेत सांगितले की सगळे मृतदेहच आहेत. २६२ माणसे गेली. मृतांच्या यादीत नावापुढे पुन्हा तोच रकाना होता: १३६ इटालियन, ९५ बेल्जियन, ८ पोलिश, ३ हंगेरियन, १ रशियन, १ युक्रेनी आणि बाकीचे इतर देशांचे.