स्टिरॉइडची गोळी आणि दुपारची साखर

श्रोतेहो, नमस्कार.

दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे काही विकार, अंगावर फोड येणारे त्वचेचे आजार, डोळ्याच्या आतील सूज अशा अनेक दुखण्यांवर डॉक्टर स्टिरॉइडची गोळी देतात आणि त्या गोळीने रक्तातील साखर वाढते, हे आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले असेल. परंतु ती साखर दिवसाच्या कोणत्या वेळी वाढते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आज मी प्रामुख्याने त्या वेळेविषयी बोलणार आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. स्टिरॉइड हे नाव ऐकताच घरातील मंडळी घाबरतात, आणि शेजारचे कोणीतरी 'ती गोळी घेऊ नका' असा सल्ला देऊन जाते. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन हे औषध पहिल्यांदा देण्यात आले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. त्या कामासाठी हेंच, केंडॉल आणि राइकस्टाइन या तिघांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. करोनाच्या साथीत प्राणवायू लावाव्या लागलेल्या अनेक रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोन या स्टिरॉइडनेच वाचवले. त्यामुळे औषधाला दोष देऊन काही साधत नाही. ते घेत असताना साखरेकडे केव्हा पाहायचे, हे शिकून घ्यावे लागते.

स्टिरॉइडमुळे यकृत जास्त साखर तयार करून रक्तात सोडू लागते, स्नायू आणि चरबी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, आणि स्वादुपिंडातून गरजेइतके इन्सुलिनही बाहेर पडत नाही. प्रेडनिसोलोनची गोळी सकाळच्या न्याहारीनंतर घेतली, तर हा परिणाम दुपारी आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असतो आणि रात्रीतून ओसरत जातो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त तपासले, तर साखर जवळजवळ ठीक दिसू शकते. पुन्हा सांगते, कारण पुढचे सारे यावरच अवलंबून आहे : गोळी सकाळी घेतली असेल, तर साखर दुपारी वाढते आणि पहाटेपर्यंत उतरते.

हे एका कुटुंबाच्या अनुभवावरून सांगते. माझ्याकडे येणाऱ्या मधुमेहाच्या रुग्णांना मी ही हकीकत वारंवार सांगत आले आहे, आणि आज त्या कुटुंबाच्या परवानगीने आपल्यालाही सांगते. नाव मात्र सांगत नाही.

आपल्या सोलापूर शहराच्या पूर्व भागात राहणारे एक आजोबा. यंत्रमागावर चादरी विणण्यात त्यांचे उभे आयुष्य गेले होते. मधुमेह त्यांना कधीच नव्हता. सत्तरीच्या आसपास त्यांच्या तोंडात आणि पाठीवर फोड येऊ लागले. पेम्फिगस नावाच्या आजाराचे निदान झाले आणि त्वचारोगतज्ज्ञांनी रोज सकाळी ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू केले. फोड सुकू लागले. तोंड आलेले असल्यामुळे भाकरी चावत नव्हती, म्हणून सूनबाई त्यांना शिरा, दुधात कुस्करलेले केळे, चहात बुडवलेली बिस्किटे असे मऊ पदार्थ देत असत. भेटायला येणारा प्रत्येक जण बिस्किटांचा आणखी एक पुडा घेऊन येई. मला मनापासून वाटते की आजारी माणसाला भेटायला जाताना आपण हात रिकामा ठेवावा आणि घटकाभर निवांत बसावे, त्याला त्याचीच गरज असते.

डॉक्टरांनी साखर तपासत राहण्यास सांगितले होते आणि कुटुंबाने ते मनोभावे पाळले. आठवड्यातून एकदा सकाळी सातला लॅबमधून मुलगा येऊन आजोबांचे उपाशीपोटी रक्त घेऊन जाई. आकडे येत १०४, ९८, १११. घरातल्यांना हायसे वाटे. इकडे आजोबांची तहान मात्र भागेना. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागे, सदऱ्याच्या बाह्या सैल पडल्या होत्या, आणि वर्तमानपत्रातील बारीक अक्षरे पुसट दिसू लागली होती. आजारपणाचा अशक्तपणा असेल, असे सगळ्यांनी गृहीत धरले, कारण अहवाल तर उत्तम होते.

मग ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली. अक्षता सोहळ्याच्या दिवशी सकाळी नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि तिच्या मार्गावरचे रस्ते कसे भरून जातात, हे सोलापूरच्या श्रोत्यांना मी सांगायला नको. लॅबमधल्या मुलाला त्या सकाळी येता आले नाही. आजोबा पांढरी बाराबंदी घालून, नातवाचा हात धरून मिरवणूक पाहून आले, घरी जेवले आणि आडवे झाले. लॅबमधला तो मुलगा दुपारी चारच्या सुमारास आला. सूनबाईंनी त्याला परत पाठवले नाही. 'मामा जेवले आहेत, पण आलाच आहात तर आजच रक्त घेऊन जा,' असे त्या म्हणाल्या. संध्याकाळी अहवाल आला, त्यावर आकडा होता ३८६.

लॅबची चूक झाली, असे घरातल्या बहुतेकांचे मत पडले. आजोबांनी तर रागाने जाहीर केले की उद्यापासून ती गोळीच बंद. सूनबाईंनी मात्र दोन गोष्टी केल्या, आणि त्या दोन्हींबद्दल मला त्यांचे आजही कौतुक वाटते. त्यांनी गोळी बंद होऊ दिली नाही, आणि शेजारच्या घरातील ग्लुकोमीटर मागून आणून पुढचे काही दिवस सकाळी उपाशीपोटी आणि दुपारी जेवणानंतर दोन तासांनी अशी दोन्ही वेळची साखर पाहिली. ती लिहिण्यासाठी त्यांनी मुलीची गणिताची चौकटीची वही घेतली होती, जिच्या मलपृष्ठावर पाढे छापलेले असतात. डाव्या रकान्यात सकाळचे आकडे निळ्या शाईने, उजव्या रकान्यात दुपारचे लाल शाईने. डावीकडे ११८, १०९, ११४, आणि त्यांच्यासमोर उजवीकडे ३५२, ३७०, ३४१. कडेला बारीक अक्षरात गोळी किती वाजता दिली आणि जेवणात काय होते, त्याची नोंद. ती वही त्यांनी माझ्या टेबलावर उघडून ठेवली आणि विचारले, 'डॉक्टर, एकाच माणसाला सकाळी मधुमेह नाही आणि दुपारी आहे, असे होते का?'

होते. स्टिरॉइडच्या मधुमेहात अगदी असेच होते, आणि निदानासाठी मला त्या वहीपेक्षा अधिक फारसे काही लागले नाही. मोबाइलमध्येही आकडे नोंदवता येतात, हे मी जाणते, परंतु दोन रकाने शेजारी शेजारी पाहून जे ध्यानात येते, ते मोबाइलच्या पडद्यावर सहसा येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आजोबांना आम्ही सकाळच्या गोळीबरोबर एकदाच घ्यायचे, दुधासारखे गढूळ दिसणारे मध्यम मुदतीचे इन्सुलिन सुरू केले. त्याचा जोर दुपारी असतो आणि रात्री तो ओसरतो, म्हणजे गोळीचा आणि इन्सुलिनचा चढउतार बराचसा जुळतो. शिरा आणि बिस्किटे थांबवून ज्वारीची पातळ आंबील, मऊ शिजवलेली मुगाची डाळ, अंडे आणि दही सुरू केले. दोन आठवड्यांत दुपारचे आकडे दोनशेच्या आत आले, आणि आजोबांना वर्तमानपत्र पुन्हा वाचता येऊ लागले.

हकीकतीचा उरलेला भागही तितकाच महत्त्वाचा आहे. फोड बरे झाल्यावर त्वचारोगतज्ज्ञांनी गोळी ४० वरून ३० आणि पुढे २० मिलिग्रॅमवर आणली. इन्सुलिन मात्र पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिले, कारण गोळी कमी झाल्याचे मला कळवायला हवे, हे त्या आनंदात कोणाच्या लक्षात आले नाही. एके दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास आजोबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, आणि ते असंबद्ध बोलू लागले. सूनबाईंनी आधी साखर पाहिली, ती ६२ होती. त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, आकडा ८८ आला, तेव्हा अर्धी भाकरी दुधात कुस्करून दिली आणि मग मला फोन केला. आम्ही इन्सुलिन लगेच कमी केले. पुढे गोळी ५ मिलिग्रॅमवर आली, तेव्हा इन्सुलिन पूर्णपणे थांबवता आले.

श्रोतेहो, आता आपल्या घरी काय करायचे, ते सांगते. स्टिरॉइडची गोळी सकाळी एकदा सुरू झाली असेल, तर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी किंवा रात्रीच्या जेवणापूर्वी साखर तपासा. केवळ उपाशीपोटीच्या तपासणीवर विसंबू नका. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणीही सुरुवातीच्या काही आठवड्यांत फसवते, कारण वाढलेली साखर तिच्यात उतरायला वेळ लागतो. डेक्सामेथासोन घेतले किंवा गोळी दिवसातून दोनदा असली, तर सकाळची साखरही वाढू शकते. सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतल्यावर मधुमेही माणसाची साखर काही दिवस चढते. दम्याच्या पंपातून जाणारे स्टिरॉइड फार थोडे असते, त्यामुळे साखरेच्या भीतीने पंप कोणीही बंद करू नये.

ज्यांना पूर्वीपासून मधुमेह आहे आणि जे रात्री दीर्घ मुदतीचे इन्सुलिन घेतात, त्यांनी विशेष लक्ष द्यावे. दुपारचा मोठा आकडा पाहून रात्रीचे इन्सुलिन स्वतःच्या मनाने वाढवले, तर साखर पहाटे, झोपेत, धोकादायकरीत्या उतरू शकते.

गोळी कमी होते, तेव्हा मधुमेहाचे औषधही कमी करावे लागते. म्हणून गोळी ज्या दिवशी बदलेल, त्याच दिवशी मधुमेहाच्या डॉक्टरांना कळवा. आणि ती एकाएकी बंद करू नका. काही आठवडे बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडांवरील ग्रंथी स्वतःचे स्टिरॉइड तयार करणे जवळजवळ थांबवतात. अशा वेळी गोळी अचानक थांबली, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. माझे तर असे म्हणणे आहे की चिठ्ठीवर गोळीचे नाव कोणत्याही लिपीत असो, ती कशी उतरवत जायची हे मराठीत, सुवाच्य अक्षरात लिहून देणे प्रत्येक डॉक्टरने आपले कर्तव्य मानले पाहिजे.

या गोळीने भूक खवळते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पथ्याचीच आहे, असा आपला समज असतो. ज्वारी चांगलीच आहे, परंतु भाकरीचीही साखर होते. भाकरी मोजून घ्यावी, आणि उसळ, डाळ, पालेभाजी यांनी ताट भरावे. दुपारच्या चहातील साखर ऐन चढत्या वेळी पोटात जाते, म्हणून ती प्रथम सोडावी. जेवणानंतर थोडे चालावे, मात्र आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात नव्हे, घरातल्या घरात. वाढलेल्या साखरेने लघवीवाटे पाणी जात असताना वर चाळीस अंशांचा उन्हाळा असेल, तर माणूस पाहता पाहता कोरडा पडतो. उन्हाळ्यात इन्सुलिन फडताळात ठेवू नये. फ्रिज असेल तर त्यात ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्यात नको, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. फ्रिज नसेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवावे.

साखर सतत तीनशेच्या वर राहिली, उलट्या होऊ लागल्या, माणूस गुंगीत गेला किंवा श्वास जोरात चालू लागला, तर घरी थांबू नका, रुग्णालय गाठा. चेहऱ्याची एक बाजू सुजणे, नाकातून काळपट स्राव येणे, वरच्या दातांत किंवा डोळ्यामागे ठणका लागणे ही म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराची लक्षणे असू शकतात. २०२१ साली महाराष्ट्राने तो आजार पाहिला आहे, आणि वाढलेली साखर व स्टिरॉइड एकत्र आली की त्याला वाट मिळते.

गुडघेदुखीवर आठवडी बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांविषयीही एक वाक्य सांगणे आवश्यक आहे. एका दिवसात गुण देणाऱ्या अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते, त्यामुळे साखर विनाकारण चढू लागली, तर घरात अशी पुडी चालू आहे का, हे आधी विचारा आणि ती डॉक्टरांना नेऊन दाखवा.

गोळ्यांचा कोर्स संपल्यावर बहुतेकांची साखर उतरते, परंतु काहींचा मधुमेह कायम राहतो. म्हणून औषध थांबल्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी अवश्य तपासून घ्या, आणि त्यानंतर वर्षातून एकदा तपासत राहा. नमस्कार.