कोणती गाणी टाळायची?

नमस्कार श्रोतेहो. संगीतोपचार म्हटलं की अनेकांना मंद दिवा, बासरीचे सूर आणि डोळे मिटून पडलेला रुग्ण आठवतो. व्यसनमुक्ती केंद्रातला संगीतोपचार पाहिलात, तर जरा गोंधळूनच जाल. तिथे चांगला गोंगाट असतो! सात-आठ जण गोल बसून ढोल बडवताहेत, एकाचा ठेका चुकतोय, दुसरा वैतागून हात आवरतो. उपचारक त्या वैतागाची नोंद घेतो. नंतर बोलायचं असतं ते त्याच्याविषयीच.

आता थोडी अडचणीची गोष्ट. गाणं तलफही जागवतं. पिण्याच्या बैठकीत वर्षानुवर्षं वाजलेलं गाणं रस्त्यात नुसतं कानावर पडलं तरी घशाला कोरड पडते. २०११ साली माँट्रियलच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की आवडतं संगीत ऐकून अंगावर शहारे येतात तेव्हा मेंदूत डोपामिन हे सुखाची ओढ लावणारं रसायन स्रवतं. नशेचे पदार्थ वेठीला धरतात ती हीच यंत्रणा. म्हणून जाणता उपचारक आधी विचारतो, ‘पिताना काय ऐकायचास?’ त्या यादीतली काही गाणी सध्या बाजूला ठेवायची. काही मात्र मुद्दाम, गटात, सोबत्यांसमोर ऐकायची. तलफ कशी चढते आणि कशी ओसरते, ते शुद्धीत राहून पाहायचं.

कधी रुग्ण स्वतः गाणं लिहितात. ‘मला भीती वाटते’ हे चारचौघांत म्हणायला जीभ न रेटणारा माणूस तेच कडव्यात लिहून जातो. यमक जुळलं नाही तरी बिघडत नाही.

याने खरंच फरक पडतो का? वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये २१ चाचण्या एकत्र तपासल्या. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली तर तलफ कमी होते आणि उपचार घेण्याची इच्छा वाढते, असं त्यात दिसलं. नैराश्य आणि चिंता यांवर मात्र स्पष्ट परिणाम आढळला नाही. तेव्हा ‘सात दिवसांत संगीताने दारू सोडा’ अशी जाहिरात दिसली, तर तिच्याकडे खुशाल दुर्लक्ष करा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू थांबवली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. तिथे डॉक्टरच हवा.

घरी परतलेल्या माणसाच्या मोबाइलमधली जुनी गाणी मात्र तुम्ही परस्पर पुसू नका. कोणती ठेवायची, कोणती काढायची, हे त्याने उपचारकाबरोबर बसून ठरवू द्या. आणि तोवर घरातल्या समारंभात काय वाजवायचं, ते त्यालाच विचारा.