दोन गॅलऱ्या

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या बोलण्यात ‘गॅलरी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. चित्रे मांडतात ती एक गॅलरी, आणि घराच्या बाहेरच्या अंगाला असते, जिथे आपण कपडे वाळत घालतो, ती दुसरी. कित्येक वर्षे मी पहिल्या गॅलरीच्या तारखा मिळवण्यासाठी धावपळ करत होते. २०२० च्या मार्चमध्ये तिला कुलूप लागले आणि माझे सगळे काम दुसऱ्या गॅलरीत येऊन पडले.

मी धाग्यांचे काम करते. चित्रकार रंगांनी जे करतो ते सूत, लोकर, दोर आणि चिंध्या यांनी करायचे, याला तंतुकला किंवा सरळ फायबर आर्ट म्हणतात. नाव नवे असले तरी नागपूरकराला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी याच गावात सुरू झाली आणि तिच्याही आधीपासून इथल्या कोष्टी वस्त्यांत हातमागावर लुगडी विणली जात होती. पोळा जवळ आला की अंबाडीच्या वाखाचे दोर वळणारे हात आपल्या खेड्यांत अनेकांनी पाहिले आहेत. मृणालिनी मुखर्जी यांनी तसल्याच साध्या, बाजारात मिळणाऱ्या दोरांना रंग देऊन, माग न वापरता, केवळ गाठींवर गाठी मारत माणसाहून उंच शिल्पे उभी केली आणि त्यांना ‘यक्षी’, ‘वनश्री’ अशी नावे दिली. २०१५ मध्ये त्या गेल्या. महामारी येण्याच्या काही महिने आधी, २०१९ च्या उन्हाळ्यात, न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते. वाख वळणाऱ्या शेतकऱ्याला त्यातली निदान गाठ तरी लगेच ओळखता आली असती.

माझे प्रदर्शन मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ठरले होते आणि निमंत्रणपत्रिकाही छापून झाल्या होत्या. ११ मार्चला शहरात पहिला रुग्ण सापडला, २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला आणि २५ पासून टाळेबंदी लागली. दालनाच्या व्यवस्थापनाने आगाऊ भाडे परत केले नाही आणि मागून मागून शेवटी मीच थकले. मग सगळ्यांनी केले तेच मीही केले. घरातल्या भिंतीवर कामे टांगली, मोबाइलवर चित्रण केले आणि परिचितांना पाठवून दिले. त्यातले एक काम मी आठ महिने खपून विणलेले होते. त्यावर एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी विचारले, “हे प्रिंट आहे का?” त्यांची चूक नव्हती. जाडीभरडी लोकर आणि भंडाऱ्याकडचे कोशाचे रेशीम पडद्यावर सारखेच सपाट दिसतात. धाग्याचे काम अर्धे डोळ्यांनी आणि अर्धे बोटांनी पाहायचे असते, आणि त्या दिवसांत तर दाराची कडीसुद्धा कोपराने उघडावी लागत होती. (रेडिओवर मी हे बोलते आहे, पण खरे सांगते, खरखरीत सुताविषयी नुसते ऐकणे हे त्याचे चित्रण पाहण्यापेक्षा बरे.)

तेव्हा मी आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक निरोप टाकला. घरातलेच एखादे जुने कापड घ्यावे, वीतभर चौकोन कापावा, त्यावर हवे ते टाके घालावेत आणि पाकिटात घालून आमच्या फाटकाला अडकवून जावे. बाजारातून काही आणायचे नाही, एवढी एकच अट होती. हे सगळे तुकडे जोडून मी एक वाकळ शिवणार होते, कारण वाकळ ही अशी वस्तू आहे की तिच्यासाठी माणसांना एका ठिकाणी बसावे लागत नाही.

आलेली पाकिटे उघडून तुकडे तीन दिवस गॅलरीतल्या दोरीवर चिमट्यांनी लावून ठेवायचे, असा माझा नियम होता. विषाणूचे काय झाले ते देव जाणे, पण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना नागपूरच्या उन्हाने रंगांचे जे करायचे ते केले. शेजारच्या निवृत्त शिक्षिका काकूंनी आपल्या आईच्या जांभळ्या लुगड्याचा तुकडा दिला होता, तो एका बाजूने पार राखी झाला. काकू खालून ओरडल्या, “अगं, माझ्या आईचं लुगडं असं नव्हतं गं!” त्यांनी दुसरा तुकडा देऊ केला, पण मी पहिलाच लावला. त्याची न उडालेली बाजू आत दुमडलेली आहे.

हळूहळू निरोप वसाहतीबाहेर गेला. त्या काळात बचत गटांच्या बायका ढिगांनी मुखपट्ट्या शिवत होत्या. इलॅस्टिक मिळेनासे झाले तेव्हा त्यांनी कापडाच्या नाड्या लावल्या. नाकाचा आकार कापताना उरणाऱ्या चंद्रकोरीसारख्या कातरणांची एक पिशवी माझ्याकडे आली. वाकळीची सगळी किनार त्या कोरींची आहे. एप्रिलमध्ये सतरंजीपुऱ्याचा परिसर सील झाला होता. तिकडच्या एका विणकर दादांच्या मागावर ताणा चढलेला होता, पण आडवे सूत आणायला बाजार उघडा नव्हता. त्यांनी वाट मोकळी झाल्यावर चौकोनाऐवजी नुसत्या उभ्या धाग्यांची एक जुडी पाठवली आणि फोनवर म्हणाले, “ताई, बाणा संपला. ताणा तेवढा आहे, तोच घ्या.”

असे काम त्या काळात जगात इतर ठिकाणीही चालू होते. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्दहाइम या बहिणींनी २००५ मध्ये क्रोशाच्या सुईने प्रवाळ विणण्याचा उपक्रम सुरू केला होता. विणताना दर काही टाक्यांमागे एक टाका वाढवत गेले की कापड सपाट न राहता त्याला झालरी पडत जातात आणि ते प्रवाळासारखे दिसू लागते. जर्मनीतल्या बाडेन-बाडेन येथील संग्रहालयासाठी चार हजारांहून अधिक लोकांनी घरी बसून विणलेले सुमारे ४०,००० प्रवाळ आले आणि २०२२ मध्ये ते मांडले गेले. त्याच्याही कितीतरी आधी, ऑक्टोबर १९८७ मध्ये, वॉशिंग्टनच्या हिरवळीवर एड्सने गेलेल्यांच्या नावांची भलीमोठी गोधडी अंथरली गेली होती. तिचा प्रत्येक तुकडा ३ फूट रुंद आणि ६ फूट लांब होता, म्हणजे साधारण एका कबरीएवढा.

नावांचा हा प्रकार मला ठाऊक होता, पण आपल्या वाकळीत तो आणायचे माझ्या मनात नव्हते. २०२१ च्या मार्चमध्ये शहरात पुन्हा टाळेबंदी लागली आणि एप्रिलपासून जे तुकडे येऊ लागले त्यांवर नावे होती. मी मागितली नव्हती. कुणी साखळी टाक्यात घातली होती, तर कुणी नुसती पेनने लिहिली होती. एका मुलाने वडिलांच्या सदऱ्याचा खिसाच कापून पाठवला. त्याच्या तळाला निळ्या शाईचा डाग होता आणि वरच्या काठावर पेन अडकवून अडकवून दोरा विरला होता. सगळी वाकळ मी कडेपासून आत आत जाणाऱ्या धावदोऱ्याने शिवली, परंतु खिशाचे तोंड तेवढे उघडे ठेवले.

२०२१ च्या दिवाळीत ती आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून खाली सोडली. लोक गल्लीत उभे राहून मान वर करून आपापला तुकडा शोधत होते. पुढे परिस्थिती निवळल्यावर ती समाजभवनात लागली आणि तिथे ‘हात लावू नका’ ही पाटी मी लावू दिली नाही. लोक हात लावतात, आणि सगळ्यांत जास्त त्या खिशाला लावतात, त्यामुळे दर वेळी घरी आणल्यावर त्याची शिवण पुन्हा घालावी लागते. गेल्या खेपेस त्यात घडी केलेले ‘आपली बस’चे एक तिकीट निघाले. ते मी काढलेले नाही.